आष्टीची रंधा मशीन

आमच्या ह्यांचा उजवा खांदा गेला तो रंधा मारून मारून. दारं, चौकटी, देव्हारे, पाट, वाटूरच्या आसपास कुणाचंही घर उठलं की लाकडाचं काम आमच्याकडं यायचं, आणि सगळं हातानं. मागच्या उन्हाळ्यात तर ह्यांना स्वतःच्या केसावरून फणी फिरवता येईना. मीच फिरवायची. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, रंधा बंद करा. मान हलवून आले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा फळीवर वाकले. मी म्हणले, डॉक्टर काय माशा मारायला बसलाय का तिथं? 

मंग कुणीतरी बातमी आणली की आष्टीत एक सुतार धंदा आवरून राह्यलाय, त्याची जुनी रंधा मशीन विकायचीय. फळी वरून ढकलायची, खाली पातं फिरतं, फळी गुळगुळीत. ह्यांचं तोंड एकदम उजळलं. मला मात्र दुसरंच आठवलं. माहेरी आमच्या शेजारी एक काका होते, लाकडाच्या वखारीत कामाला. असल्याच मशीननं त्यांची बोटं नेली. रोज सकाळी ते सदरा घालून आमच्या ओट्यावर यायचे आणि माझ्या वडलांकडून गुंड्या लावून घ्यायचे, खाली मान घालून. त्या मानेची मला लहानपणापासून भीती वाटत आली. मशीनचं नाव निघाल्यापासून ती मान मला ह्यांची दिसायला लागली.

मी येणार म्हणले. बाईमाणसाचं तिथं काय काम, असं ते म्हणाले. मी म्हणले, मेथीची जुडी मी चारदा उलटून बघते, तुम्ही तर मशीन डोळे झाकून उचलाल. आणि तसंही मला न्यावंच लागणार होतं. आमच्या सुतारांत हत्यार नवं असो का जुनं, घेणाऱ्या घरच्या बाईनं कुंकू लावल्याशिवाय ते जागचं हलवत न्हाईत. बाईनं कुंकू लावलं न्हाई तर सौदा झाला न्हाई. म्हणून कुंकवाची पुडी पदराला बांधून मी निघाले.

आष्टीत गेल्यावर मी मशीनकडं बघितलंच न्हाई. आधी त्या विकणाऱ्या सुताराचे हात बघितले. चहाचा कप धरला तेव्हा एक, बशी पुढं केली तेव्हा दुसरा. सगळी बोटं जागच्या जागी. जिवात जीव आला माझा. मंग पत्र्याच्या शेडमधे गेलो. मशीन चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण पातं उघडं होतं. मी विचारलं, भाऊ, ह्याच्यावर झाकण नसतं का? तो म्हणाला, वहिनी, झाकण पहिल्याच दिवशी काढून टाकतात. काम करताना आडवं येतं, सगळेच काढतात. मला वाटलं आमचे हे तरी काही बोलतील. कशाचं काय! हे पण मान हलवून राह्यले, बराबर आहे, बराबर आहे. असा राग आला मला! सगळ्या सुतारांना एकच आई जन्माला घालती का काय, कळत न्हाई.

त्यानं मशीन चालू केली. शेडचे पत्रे थरथरायला लागले. पातं इतकं जोरात फिरत होतं की दिसतच नव्हतं, आणि मला त्याचीच धास्ती बसली. जे दिसत न्हाई त्याच्यापासून हात लांब ठेवायचा कसा? ह्यांनी एक सागवानी फळी घेतली, वर तळवा टेकवला आणि ढकलायला लागले. अर्धी फळी गेली. आणि मधेच ह्यांचा खांदा सुटला. दुखरा हात एकदम ढिला पडला, घसरला आणि फळीच्या कडेला, उघड्या पात्याजवळ येऊन थांबला. अजून बोटभर पुढं गेला असता तर मी आज हे सांगत बसले नसते. तो भाऊ फळीकडं बघत होता, त्याला कळलं न्हाई. मला कळलं. आणि ह्यांना पण कळलं, कारण ते उगंच हसले.

ज्या खांद्यापायी मशीन घ्यायची, तोच खांदा त्या मशीनवर दगा देणार होता.

सौदा ठरला. भाऊ म्हणाला, वहिनी, लावा कुंकू. मी पदराची गाठ सोडलीच न्हाई. म्हणले, मी लावणार न्हाई. दोन्ही माणसं माझ्या तोंडाकडं बघत राह्यली. ह्यांनी डोळे वटारले, मंग समजावलं, मंग बाहेर जाऊन उभे राह्यले. हात मी पदरात घट्ट धरून ठेवला. मशीन तिथंच राह्यली, आम्ही रिकाम्या हातानं परतलो. आष्टीत माझी इज्जत काढली, एवढंच हे घरी आल्यावर म्हणाले आणि न जेवता झोपले.

सकाळी मी त्यांच्या केसावरून फणी फिरवत होते. माझ्याकडं पाठ होती म्हणून असेल, ते बोलले.

"हात सुटला ते कळलं मला. लई भ्यालो गं. पण मशीन न्हाई घेतली तर मी करू काय? मला दुसरं येतंय काय?"

एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस भ्यालो असं कधी म्हणाला नव्हता. माझी फणी थांबली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणा मशीन. फळी मी ढकलते."

ते ताडकन उठले. येडी झाली का म्हणाले. लोक काय म्हणतील, बायको मशीनवर आणि नवरा बघत उभा. मी म्हणले, लोकं येतात का तुमचा खांदा चोळायला? लग्न झाल्यापासून फळीचं दुसरं टोक मीच धरत आले, ते लोकांना कधी दिसलं न्हाई, हे पण दिसणार न्हाई. बोलताना मी जोरात होते. पण खरं सांगते, मला त्या पात्याची ह्यांच्यापेक्षा जास्त भीती होती, आणि ढकलणार मी होते.

बरेच दिवस हे नको नकोच म्हणत राह्यले, पण खांदा काही ऐकेना. शेवटी आम्ही पुन्हा आष्टीला गेल्तो, मी कुंकू लावलं. मशीन घरी आली, पण हे काही चालू करू देईनात. वेल्डरकडं चकरा मारून त्यांनी पात्यावर झाकण बसवून घेतलं. ते पसंत पडेना, म्हणून दुसरं करून घेतलं. फळी ढकलायला मुठीचा ठोकळा केला, माझा पंजा मापून, म्हणजे माझी बोटं लाकडाला लागूच नयेत. आडवं येत न्हाई का आता झाकण, असं मी विचारलं. ते ठोकळा पुन्हा माझ्या पंजाला लावून बघायला लागले. स्वतःच्या बोटांसाठी ह्या माणसाला यातलं एक सुचलं नव्हतं. मला रडू आलं, आणि राग पण आला.

पहिली फळी मी लावली तेव्हा डोळे मिटावेसे वाटत होते. हे बाजूला बटणावर हात ठेवून उभे. सुताराचा जन्म, पण फळीकडं बघत नव्हते. माझ्या बोटांकडं बघत होते. फळी पार गेली. मी म्हणले, अहो, झालं, बंद करा. त्यांनी बंद केली. पण हात बटणावरच होता. तो काही केल्या सुटेना, मंग मीच जाऊन त्यांची बोटं एकेक करून सोडवली.