रोगट झाडांची सरकी

अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवता शिकवता मी अकोल्याच्या सरकारी कापूस-शेतीवर आकडेमोडीला लागलो. कपाशीच्या झाडाझाडांत किती फरक असतो आणि त्यातून चांगलं बी निवडता येईल का, हे शोधायचं होतं. गणिताच्या माणसाला चिखलाचं वावडं. शेतावरून वह्या येत, मी खुर्चीत बसून तक्ते मांडी.

वर्षभरात निबंध तयार झाला: गावठी कपाशीत फरक जवळजवळ नाहीच, निवड व्यर्थ, बी बाहेरून आणावं. शेतीखात्याचे साहेब खूश झाले. त्याच निबंधावर मला विलायतेची शिष्यवृत्ती मिळणार होती. वहीत प्रत्येक पट्ट्यात एखाद्या झाडापुढे 'बोंडं रिकामी' असा शेरा असे. ती झाडं मी रोगट म्हणून गाळली होती.

निबंध पाठवायच्या आठवड्यात नव्या हंगामाची वेचणी सुरू झाली, म्हणून एकदाचा शेतात गेलो. वेचणीच्या बायकांनी आपापल्या पट्ट्यातलं सगळ्यात भरलेलं झाड हेरलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, बुंध्याशी दहीभात ठेवला आणि त्याचा कापूस वेचून ओटीत बांधला. त्याची सरकी घरच्या पेरणीला जाते म्हणे. हे सगळं उरकल्यावर वजनाचा काटा आणि वही आली.

कारकुनानं त्या वेचलेल्या झाडापुढे शेरा लिहिला: 'बोंडं रिकामी'. त्यांच्यातल्या सगळ्यात वडील बाईला मी चिडून विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाई, साहेब," ती म्हणाली आणि वेचायला लागली.

दोन दिवस निबंध पुढ्यात घेऊन नुसता बसलो. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. तिसऱ्या दिवशी साहेबांना सांगून टाकलं: मी गाळलेली झाडंच सगळ्यात भरलेली होती, निबंध चुकीचा आहे. "स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात," एवढंच ते म्हणाले. विलायतेला दुसरा गेला. मला फार वाईट वाटलं, अजूनही कधीकधी वाटतं.

पेरणीआधी त्या बाईच्या घरी सरकी मागायला गेलो. तिनं पुजलेली झाडं मी रोगट धरली होती, हेही सांगितलं.

"रोगट झाडायची सरकी कायले पायजे तुमाले?"

तरी तिनं ओंजळभर दिली. पुढची सगळी नोकरी मी तीच पेरत आणि मोजत काढली, आणि दर हंगामात वेचणीच्या पहिल्या दिवशी बायकांच्या आधी शेतात जाऊन उभा राहिलो.