सूत मागणारा डोमाजी

डोमाजी ढिवर गेल्याचं मला तिरोड्याच्या बाजारात कळलं, तेही तीन आठवड्यांनी. मासे विकायला बसलेली त्याची सून म्हणाली, "बुढा गेला, मास्तर." एवढंच... मी मासे न घेताच परतलो.

आमची ओळख वैनगंगेच्या पुरातली. ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, वस्ती वाहून गेली आणि ती सगळी कुटुंबं माझ्या शाळेत आणून ठेवली होती. गोंदियाच्या व्यापाऱ्यांची मदत समिती रोज खिचडी धाडी. पहिल्याच दिवशी डोमाजी समितीच्या शेठजींना म्हणाला, "खिचडी खाऊ, पण आमाले सूत द्या. जाळे वाहून गेले. दुसऱ्याच्या हातचं कितीक दिवस खावाचं?" सूत विकून हे दारू पितील, असं शेठजींना वाटलं. त्यांनी घरटी दोन धोतरं वाटली. आठवड्याभरात ती दिसेनाशी झाली. पुरुष आपल्या जुन्याच लंगोट्यांत. "बेच डाली होंगी. मास्टरजी, ज़रा नज़र रखिए," शेठजी म्हणाले. खरं सांगतो, संशय मलाही होता. डोमाजी दुपारी बायांना घेऊन नदीकडे जाई आणि विचारलं तर बोलत नसे. एकदा मी मागोमाग गेलो.

मोहाच्या झाडाखाली बाया ती कोरी, जाडीभरडी धोतरं उसवत होत्या. धागे ओढून, मांडीवर वळून दोरा करीत होत्या आणि डोमाजी जाळं विणत होता. हातभर झालं होतं. मला पाहून तो उठलासुद्धा नाही. "सांगा जाऊन शेठले," म्हणाला, "धोतर एका माणसाले झाकते. जाळ्यानं घर जेवते."

मी खरंच जाऊन सांगितलं. ऐकून शेठजींचं मन पालटेल, असं मला वाटलं होतं... दानाची नासाडी केली म्हणून दुसऱ्या दिवसापासून खिचडी बंद झाली.

मग मीच सुताच्या गुंड्या आणल्या. डोमाजीने हात लावला नाही. "कायले देऊन राहिले? कर्जाचा अंगठा कोठी लावाचा?" अंगठा नको म्हटल्यावर त्याचा संशय आणखीच वाढला. दोन दिवस सूत शाळेच्या ओट्यावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने उचललं.

वस्ती पुन्हा उभी राहिली. मी पुढे कित्येक वर्षं त्याच्याकडे जात राहिलो. दारात दिसलो की तो आधी विचारी, "काऊन आले, मास्तर?" कारण सांगितल्याशिवाय खाट टाकू देत नसे. मला त्याचा राग कधी आला नाही. शेठजींना जाऊन सांगून तो हक्क मीच त्याला दिला होता.

परवा त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो. सुनेने लगेच खाट टाकली, "बसा" म्हणाली. काऊन आले, हे कोणीच विचारलं नाही... मी बराच वेळ दारातच उभा होतो.