अनुमोदक लिंबाजी

कुसळवाडीच्या लिंबाजी सोनकांबळेनं उभ्या आयुष्यात कुणाला ‘न्हाई’ म्हटलेलं नव्हतं. बैल बघायला चला म्हटलं की हाव. पंक्तीत वाढायला या म्हटलं की हाव. दोन भाऊ भांडत असले आणि थोरला म्हणाला, “माझं बरोबर हाय ना?” तर हाव, आणि लगोलग धाकट्यानं तेच विचारलं तरी हाव. असल्या माणसाच्यानं भांडण मिटत नाही, पण भांडणाऱ्या दोघांनाही तो आवडतो. म्हणून राखीव जागेसाठी उमेदवार शोधायची वेळ आली तेव्हा आसपासच्या गावांना दुसरं नाव सुचलंच नाही. उभा राहतोस का म्हणून विचारलं, तो हाव म्हणाला आणि जिल्हा परिषदेवर निवडून आला.

तिथं त्याला स्वभावाला साजेसं काम सापडलं. सभेत कुठलाही ठराव आला की त्याला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक भाषण ठोकतो, त्याचं नाव होतं. अनुमोदकानं उठून ‘माझं अनुमोदन हाय’ एवढंच म्हणायचं आणि बसायचं. बाकीच्यांना हे काम हलकं वाटे. लिंबाजीनं ते आनंदानं अंगावर घेतलं. गुरांचा दवाखाना असो, शाळेची खोली असो, रस्त्याला कुणाचं नाव देणं असो, सूचकाचा शेवटचा शब्द पडतो न पडतो तोच मागच्या बाकावर लिंबाजी उभा. पुढं पुढं तर अध्यक्ष ‘अनुमोदन कोणाचं?’ असं विचारीतही नसत, नुसतं मागच्या बाकाकडं बघत. बाकीचे सभासद तेवढ्या वेळात पानाला चुना लावून घेत.

मग उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा नवा आला, दुष्काळ मात्र जुनाच राहिला. परिषदेला स्वतःची जागा नव्हती, म्हणून सभा एका शाळेच्या हॉलात भरायच्या. पोराटोरांच्या बाकांवर मोठमोठी पुढारी मंडळी गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि उठताना एकमेकांना हात द्यायची. बाहेर गावोगाव विहिरींवरून तंटे पेटले होते. कुणाची विहीर पिण्याच्या पाण्यासाठी ताब्यात घ्यायची, कुणाची सोडायची, यावर रोज एक खटला उभा राहत होता. परिषदेची बाजू मांडायला नि परिषदेला दोन शब्द सुनवायलाही चांगला कायदा सल्लागार पाहिजे होता. निवड समितीनं नाव काढलं ते नांदेडच्या सरोजिनी धानोरकर वकीलबाईंचं. आता त्या नावावर सर्वसाधारण सभेची मोहोर तेवढी उठायची राहिली होती.

हे नाव ऐकून सभेत कुजबुज झाली आणि बऱ्याच माना लिंबाजीकडं वळल्या. त्याला कारण होतं.

लिंबाजी परिषदेवर येण्याआधीची, पाच-सहा वर्षांमागची गोष्ट. कुसळवाडीच्या ग्रामपंचायतीनं बौद्धवस्तीची विहीर एका ठेकेदाराला बांधकामासाठी देऊन टाकली. ठेकेदाराचं इंजिन दिवसभर पाणी ओढी आणि संध्याकाळी बायका दोर सोडत तेव्हा घागरीत गाळ येई. वस्तीतल्या बायका कोर्टात गेल्या. अर्जावर पहिला अंगठा चांगुणाचा. चांगुणा म्हणजे लिंबाजीची बायको. आणि लिंबाजी त्या वेळी पंचायतीचा सभासद. सरपंचानं विचारलं, “लिंबाजी, आपल्या बाजूनं साक्ष देतोस का?” तो काय म्हणाला असेल हे वेगळं सांगायला नको.

अशा रीतीनं नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला, असे दोघं एकाच बसनं कोर्टात गेले. तिकिटं चांगुणानं काढली. पंचायतीच्या वकिलानं विचारलं, विहिरीला भरपूर पाणी आहे ना? हाव. ठेकेदारामुळं कुणाची अडचण होत नाही ना? हाव. वकील खुशीत खाली बसला. मग बायकांच्या बाजूनं सरोजिनीबाई उठल्या. लहानखुऱ्या, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज एखादी मावशी जेवण झालं का विचारते तसा.

“लिंबाजीराव, आज घरून आंघोळ करून आलात?”

लिंबाजी पहिल्यांदाच अडखळला. ‘न्हाई’ म्हणायची सवय नाही, आणि हाव म्हणावं तर चांगुणा समोर बसलेली.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “आज पहाटे तुमच्या मंडळींनी विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरलं, हे खरं?”

“हाव.”

“आणि वर दोर धरून तुम्हीच उभे होतात?”

“हाव.”

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. वस्तीची विहीर वस्तीला परत मिळाली. बाहेर लिंबाजी लिंबाखाली तोंड लपवून उभा होता, तर सरोजिनीबाई आपण होऊन त्याच्याकडं आल्या. म्हणाल्या, “तुम्हाला खोटं बोलायला आणलं होतं, पण ते तुम्हाला जमलं नाही. मला बरं वाटलं.” लिंबाजीला त्या दिवशी रडू आलं ते साक्ष फिरल्याचं नव्हे. आपली सगळीकडून फजिती झालेली असताना ह्या बाईनं आपल्यातलं तेवढं एक बरं हुडकून काढलं, याचं. हे तो कुणाला सांगू शकला नाही. चांगुणाला न सांगताच कळलं.

त्यामुळं सभेच्या दिवशी सकाळी तिनं भाकरी बांधून देताना बजावलं, “आज बाईंचं नाव हाय म्हणत्यात. त्या नसत्या तर आपुन गाळ पेत बसलो असतो. आता दुसऱ्या गावच्या बायका बी तसंच पेऊन राहिल्यात. आज त्यांचं काम व्हायलाच पायजे.”

“हाव,” लिंबाजी म्हणाला.

“तुमचं हाव मला ठावं हाय,” ती म्हणाली. “त्या कोर्टात बी आयकलं म्या.”

ते त्याला बसमध्ये लातूरपर्यंत टोचत राहिलं.

सभा भरली. बाईंच्या नावाचे सूचक होते वसंतराव, निवृत्त हेडमास्तर. ते उठले, बाईंचं शिक्षण, वकिलीची वर्षं, सगळं शुद्ध मराठीत वाचून दाखवलं. ते बसतात न बसतात तोच विरोध उठला. कुणी म्हणालं, बाईमाणूस रात्री-बेरात्री कागद घेऊन कुठं फिरणार. कुणी म्हणालं, लातुरात काय वकिलांचा दुष्काळ पडलाय, तो माल नांदेडहून आणायचा? वसंतरावांना घाम फुटला आणि ते पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले. दुष्काळात एक तांब्या पाणी प्यायला माणसाला किती वेळ लागू शकतो, हे त्या दिवशी सभेला कळलं.

मग शिवलिंगआप्पा उठले. आप्पा म्हणजे सभेतलं वजनदार माणूस, दोन्ही अर्थानं नव्हे, सगळ्याच अर्थानं. मनाचे वाईट नव्हते, पण नव्या जिल्ह्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी गळा साफ केला आणि मागच्या बाकाकडं हात केला.

“ह्या बाई पंचायतीच्या विरोधात कोर्टात उभ्या राहिलेल्या हायत. आपल्याच सभासदाचं, ह्या गरीब लिंबाजीचं त्यांनी भर कोर्टात हसं केलं. उद्या आपलं करतील. तवा माझी दुरुस्ती अशी हाय की, हे नाव बाजूला ठेवावं, पावसाळा झाल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या वकिलांचे अर्ज मागवावेत आणि तोवर हा विषय तहकूब करावा.”

शेवटचा शब्द पडला. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, मागच्या बाकावर लिंबाजी उभा राहिला.

“माझं अनुमोदन हाय.”

हॉल असा हसला की खिडकीवरची कबुतरं उडाली. आप्पांनाही हसू आवरेना. लिंबाजी मात्र जागच्या जागी थिजला. पावसाळ्यापर्यंत तहकूब म्हणजे अख्खा उन्हाळा विहिरींना वाली नाही. आणि हे आपण केलं, आपल्या तोंडानं. चांगुणाला काय सांगणार? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बसा लिंबाजी,” अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. “आता मत घेऊ.”

लिंबाजी बसला नाही. खरं तर त्याचा गुडघा बाकाच्या फळीत अडकला होता, पण पुढं तो कधीच हे कबूल करीत नसे.

“मला बोलायचंय,” तो म्हणाला.

“बोलणाऱ्यांनी आधी नाव द्यायचं असतं. तुम्ही कधी दिलंय?”

“पर म्या अनुमोदक हाय ना? अनुमोदकाला बोलता येतंय. इतक्या वर्सांत बोललो न्हाई ती गोष्ट येगळी.”

अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या सचिवाकडं पाहिलं. सचिवानं मान डोलावली. अनुमोदकाला बोलायचा हक्क होता. तो कुणी वापरला नव्हता एवढंच. लिंबाजीनं बाक घट्ट धरला. आणि दुसरं काही येत नसल्यामुळं त्यानं जे येत होतं तेच केलं. तो सगळ्यांशी सहमत झाला.

“आप्पा म्हनले, बाई नांदेडच्या हायत. हाव, हायत. आपली मांजरा बीडाकडून येती. तिचं पानी पेताना आपुन तिला जिल्हा इचारत न्हाई. आन मागल्या सालापतुर आपुन समदे बी उस्मानाबादचेच होतो.”

पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

“आप्पा म्हनले, बाईनं माजं हसं केलं. हाव, केलं. माजी बायकू बी हसली. पर आप्पा, एक सांगा. पंचायतीच्या वकिलाला म्या हाव म्हनलो, ते खुशाल खाली बसले. विहीर बगून आलास का, असं काई त्येनी इचारलं न्हाई. त्येंना हाव पायजे होतं, घावलं. बाईनं वळखलं, हे हाव खोटं हाय. ह्या उन्हाळ्यात गावोगावचे लोक तुमच्याम्होरं येतेल. विहिरीत लई पानी हाय का, हाव. कुनाची तक्रार हाय का, न्हाई. माज्यासारखी भित्री मानसं लई हायत. त्येंचं खोटं हाव वळखनारं आपल्यात कोन हाय? म्या तर न्हाई. म्या समद्यांना अनुमोदन देत आलो. तुमी बी माज्या अनुमोदनावर ठराव करत आलाव. कुनी इचारलं का कदी, लिंबाजी, तुला हे खरंच पटलंय का?”

पान चघळणं थांबलं होतं.

“तवा विरोधात उभी राह्यलेली बाई आपल्याकडं घ्या. बाहीर ठेवली तर पुना हसं व्हईल. आपलं बी आन जिल्ह्याचं बी.”

अध्यक्षांनी टेबलावर बोटं वाजवली. “ते ठीक आहे. पण आप्पांच्या दुरुस्तीला तुम्ही अनुमोदन दिलंय. ते कायम आहे का?”

लिंबाजीनं तोंड उघडलं. जीभ जुन्या वाटेनं निघाली होती. त्यानं ती दातांखाली धरली आणि म्हणाला,

“न्हाई.”

एवढासा शब्द, पण तो काढताना त्याला दरदरून घाम आला. पुढं तो सांगे, पहिल्यांदा विहिरीत उडी मारताना असंच वाटलं होतं.

“मग दुरुस्तीला दुसरं कोणी अनुमोदन देतंय का?” अध्यक्षांनी विचारलं.

आता खरी गंमत झाली. आप्पांच्या बाजूची माणसं थोडी नव्हती. पण सगळ्या सभेला वर्षानुवर्षं एकच सवय लागलेली. अनुमोदन म्हटलं की मागच्या बाकाकडं बघायचं. सगळे मागच्या बाकाकडं बघत बसले. लिंबाजी छताकडं बघत होता. कुणाला वाटलं शेजारचा उठेल, शेजाऱ्याला वाटलं पलीकडचा. दोघातिघांचे गुडघे बाकात अडकले असण्याचाही संभव आहे. आप्पा चहूकडं बघून दमले.

“अनुमोदनाअभावी दुरुस्ती पडली,” अध्यक्षांनी जाहीर केलं. “मूळ ठरावाला अनुमोदन?”

“माझं हाय,” लिंबाजी म्हणाला. या वेळी सावकाश, एकेक शब्द उच्चारून.

आप्पांनी पाठीमागं वळून त्याच्याकडं पाहिलं. “लिंबाजी, तुला खरंच पटलंय का रे हे?”

“हाव आप्पा.”

“मग माजा बी हात घ्या वर,” आप्पा अध्यक्षांना म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. आप्पांचा हात वर गेल्यावर बाकीचे खाली राहतात होय? वसंतराव पाणी पिऊन आले तेव्हा ठराव मंजूर होऊन लोक टाळ्या वाजवत होते. त्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या विहिरीवर चांगुणा रहाट ओढत होती. बातमी आदल्या संध्याकाळच्या बसनंच गावात येऊन पोचली होती, पण तिनं रात्री काही विचारलं नव्हतं. लिंबाजी घागर घ्यायला पुढं झाला तेव्हा ती हळूच म्हणाली,

“सभेत न्हाई म्हनलाव म्हनं तुमी.”

“हाव.”

“मला आयकायचं होतं बगा,” चांगुणा म्हणाली. तिनं नुकतंच वर आलेलं पाणी तांब्यात ओतलं आणि घरात न्यायच्या आधी, तिथंच, त्याच्यापुढं धरलं. “घ्या. गाळ न्हाई त्यात.”