भित्रे साहेबांची वेगळी रांग

भित्रे साहेबांनी मागून माझ्या कमरेला हातांचा विळखा घातला आणि ते सोडेनात. खाली, रंगखात्याच्या खड्ड्यात, रुक्मिणी उताणी पडली होती. गाळ ओढायचं तिचं फावडं शिडीला टेकून उभं होतं आणि ती हलत नव्हती. मी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता.

"सोडा मला. बाई मरतीय खाली."

"एक खाली आहे. दुसरी जाणार नाही."

त्यांचे दात वाजत होते. मी त्यांच्या हाताला चावले. तरी पकड सुटली नाही.

चाकणच्या त्या कारखान्यात आम्ही सफाईच्या बायका त्यांना भित्रे साहेब म्हणायचो. खरं नाव वेगळं होतं, ते इथे लिहीत नाही. माझं शिक्षण चौथी, नोकरी ठेकेदाराकडची, आणि कुणाचं उगाच कौतुक करायची मला सवय नाही. हा माणूस घाबरट होता हे खरंच होतं. कँटीनमध्ये जेवतानाही डोक्यावर हेल्मेट. जिन्याचा कठडा सोडायचा नाही. कंपनीच्या बसमध्ये बसायच्या आधी मागचं संकटकाळचं दार उघडतं का ते ओढून बघणार. बसमधले पोरगे हसायचे. "साहेब, बसला पंख लावू का, पडली तर उडायला?" साहेब म्हणायचे, "आधी दार दुरुस्त करा."

त्यांचं काम वरच्या थंड खोलीत. कारखान्यातलं प्रत्येक मशीन, प्रत्येक सेन्सर आपलं काय चाललंय ते एकेका ओळीत सांगत असतो आणि त्या सगळ्या ओळी एका कॉम्प्युटरमध्ये लिहिल्या जातात. त्याला लॉग सर्व्हर म्हणायचे. ती खोली पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी आत गेले की साहेब आधी म्हणायचे, "मावशी, वायरला पाणी नको," आणि मग पडद्याकडे बघत बसायचे. कसा आहे विचारलं तर आजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगायचे. "आज बरा आहे." नाहीतर, "आज दम लागलाय."

नवी लाइन सुरू झाली तेव्हापासून त्याला रोजच दम लागायला लागला. बोलणारे वाढले, लिहिणारा एकच. एकदा मी पुसत असताना साहेब म्हणाले, "मावशी, हा अर्धा तास मागे पडलाय. आत्ता खाली काही झालं तर मला अर्ध्या तासानं कळणार." माझा हात थांबला. गॅसचे आणि आगीचे सेन्सरही ह्यालाच सांगायचे आणि फायरवाल्यांच्या फोनवर निरोप इथूनच जायचा. रंगाच्या खड्ड्याजवळचा भोंगा जळून गेलेला, नवा येतोय येतोय म्हणत होते. त्या खड्ड्यात आम्ही उतरायचो.

"मग करा की काहीतरी," मी म्हटलं.

"करतोय. तुम्ही एक फरशी पुसली की लगेच पोछा बादलीत पिळता का?"

"तसं केलं तर एक खोली व्हायची नाही दिवसात."

"हा तसंच करतो. एक ओळ लिहितो, ती डिस्कवर नीट बसली का बघतो, मग पुढची घेतो."

त्यांनी त्याला ओळींचा गठ्ठा करून एकदम लिहायला लावलं. ओळ आली की ती कुणाची, हे तो दर वेळी दुसऱ्या कॉम्प्युटरला विचारायला जायचा. ती नावं त्याच्याजवळच ठेवून दिली. पण एका वेळी एकच बदल. बटण दाबायच्या आधी तळहात पँटला पुसायचे, दाबलं की बराच वेळ नुसते बघत बसायचे. "दोन बदल एकदम केले आणि बिघडलं, तर कुणाला धरू?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

सर्व्हर पळायला लागला तशी त्यांना नवी भीती लागली. लाइट गेली तर हातातला गठ्ठा लिहायच्या आधीच जाणार. पंख्याचा, पट्ट्याचा निरोप हरवला तर हरवू दे, गॅसचा हरवला तर? म्हणून गॅस आणि आगीच्या ओळींना त्यांनी वेगळी रांग दिली, वेगळी डिस्क दिली. तिथे गठ्ठा नाही. ओळ आली की त्याच क्षणी लिहायची आणि त्याच क्षणी फोन वाजवायचा. त्यांचे मोठे साहेब वैतागले होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं. एवढा खटाटोप कशाला, जे सेन्सर फालतू बोलतात ते बंद कर, सर्व्हर आपोआप हलका होतो. सगळ्यात फालतू बोलणारा होता आमच्या खड्ड्याचा गॅस सेन्सर.

साहेबांनी तो बंद केला नाही. ते स्वतः खाली बघायला आले. भिंतीवरच्या सेन्सरच्या डब्यावर ओलं फडकं टाकलेलं होतं. आम्ही सगळ्याच टाकायचो. दुसरी जागाच नव्हती.

"हे कुणाचं?"

"माझं हाय सर," रुक्मिणी म्हणाली. ती लातूरकडची, चिखलीत भाड्याच्या खोलीत राहायची. "वाळू घातलंय."

"ह्या डब्यानं सकाळपासून माझं डोकं खाल्लंय, बाई. आत पाणी गेलं की उगाच ओरडतो."

"डबा बोलतोय व्हय? आन् घरी बायको बोलती तेव्हा काय करता?"

"ऐकतो," साहेब म्हणाले.

रुक्मिणी हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी साहेब जेवणाच्या पिशवीतून हातोडी आणि खिळे घेऊन आले. भिंतीत खिळे ठोकले, फडक्यांसाठी. त्यात स्वतःचा अंगठा ठेचून घेतला. तेव्हापासून डबा गप्प झाला.

तो दिवस साप्ताहिक सुट्टीचा होता. सुट्टीला लाइन बंद, म्हणून खड्ड्याचा गाळ आम्ही तेव्हाच काढायचो. वरच्या टाकीतलं थिनर झिरपून गाळात उतरलं होतं, आणि हवा ओढणारा पंखाही लाइनबरोबर बंद. रुक्मिणी खाली उतरली, मी बादली ओढायला वर. तिने फावड्याने गाळ ढवळला. ढवळला तसा वास वर आला. तिने फावडं शिडीला टेकवलं, म्हणाली, "मावशी, गरगरतंय," आणि पडली. मी ओरडले. भोंगा नव्हताच.

त्याच वेळी पलीकडे दुरुस्तीवाले मशीनं चालू करून बघत होते. सगळी एकदम सुरू झाली की सगळी एकदम बोलतात, सर्व्हरवर सगळ्यात मोठी गर्दी तेव्हाच. ह्याच भीतीने साहेब सुट्टी असून वर येऊन बसले होते. खड्ड्याची ओळ त्या गर्दीत अडकली नाही. आपल्या रांगेने आली आणि त्यांचा आणि फायरवाल्यांचा फोन एकदम वाजला. फायरवाल्यांना तोंडाचे मास्क, पाठीच्या टाक्या चढवायला वेळ लागतो. साहेब तसेच धावत आले आणि त्यांनी मला धरलं.

माझं ओरडणं ऐकून आमचा सुपरवायझर गणपत आला. दापोडीचा, दांडगा माणूस, आम्हा बायकांना कधी वाकडं बोलला नाही.

"साहेब, बाई पडलीय आन् तुम्ही बघत काय बसलाय?"

"गणपत, खाली हवा नाही. मास्कवाले येतायत. थांब."

"भ्यायचं तुमी भ्या."

साहेबांनी एक हात माझ्याभोवती ठेवला आणि दुसऱ्याने त्याचा सदरा पकडला. सदरा फाटला. चिंधी साहेबांच्या मुठीत राहिली आणि गणपत उतरला. रुक्मिणीपर्यंत पोहोचला, तिला उचलायला वाकला आणि तोंडावर गाळात पडला. पुन्हा उठला नाही. मी धडपडायची थांबले.  साहेब माझ्या कानाशी "येतील, आत्ता येतील" म्हणत राहिले. ते मला सांगत होते की स्वतःला, देव जाणे. मग मास्कवाले आले आणि त्यांनी दोघांना दोरीने वर काढलं.

नंतर कारखान्यात बोललं गेलं की साहेब काठावर उभे राहून बघत होते. मी ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगितलं की त्यांनी धरलं नसतं तर दोरीला तिसरं माणूस असतं. ते ऐकायला कुणाला आवडलं नाही.  काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी आम्हा सफाईच्या बायकांच्या खोलीत आले. डोक्यावर अजून हेल्मेट होतंच.

"नव्या माणसाला सांगितलंय, काहीही बदल, त्या रांगेला हात लावू नको."

"बरं केलंत."

हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला. मग म्हणाले, "मावशी, मला गणपतला धरता आलं असतं का?"

"मला सोडलं असतं तर," मी म्हटलं. "मग मी गेले असते."

त्यांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना पुरलं असं मला वाटत नाही. 

आता ते रावेतला राहतात. कधीतरी फोन करतात आणि आधी विचारतात, "सगळे ठीक?" मी हल्ली घरची पाण्याची टाकी धुवायलाही कुणाला एकट्याने उतरू देत नाही. सून मला भित्री म्हणते. म्हणू दे.

रुक्मिणी वाचली. मी वाचले. गणपत वाचला नाही.