पाचपर्यंत कोण?

दानम्मा एका जागी बसत नाही. उचगावच्या फाउंड्रीत जेवणाची सुट्टी झाली की कोअर शॉपमधल्या बाया भिंतीला पाठ लावून पाय पसरतात. ही उभ्या उभ्या भाकरी खाते आणि फाटकापर्यंत जाऊन परत येते. कोअर म्हणजे वाळूचा ठोकळा. ओतलेल्या लोखंडात जिथं पोकळी हवी, तिथं तो साच्यात ठेवतात. नवरा गेल्यापासून दानम्मा हेच काम करते. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं घरात कन्नड आणि गल्लीत मराठी. मुलगा एकच, बसवेश.

त्या आठवड्यात मात्र तिच्या येरझाऱ्यांना कारण होतं. शुक्रवारी बसवेशची कोर्टात तारीख होती, आणि तोवर तिला गल्लीतला एक माणूस हवा होता.

बसवेश आयटीआयला वेल्डिंग शिकत होता तेव्हाच त्याला आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. रात्रीची गोळी चालू असली की तो ठीक असायचा. भाजी आणायचा, कपडे वाळत घालायचा. पण गोळीनं अंग जड व्हायचं, दुपारपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. यंदा गणपतीच्या आधी तो गोळी गुपचूप थुंकायला लागला. झोप उडाली. रात्रभर गल्लीत फिरायचा, दिव्याच्या खांबांशी बोलायचा. सगळ्यांनी बघितलं.

गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. मांडवात रात्री जागायला दरवर्षी कुणी तयार नसायचं. तो म्हणाला, "ह्याला तसं बी झोप न्हाय. ठेवा की राखणीला!" पोरं हसली. बसवेशच्या हातात काठी दिली आणि बजावलं, "कोण बी येऊ दे, आत सोडायचं न्हाय." दानम्मालाही बरं वाटलं. गल्लीनं पोराला आपलं म्हटलं, देवाचं काम दिलं.

चार रात्री गेल्या. पाचव्या पहाटे गल्लीतला म्हातारा केरबा जास्वंदी घेऊन आला, रोजच्यासारखा. बसवेशनं अडवलं. "सरक की पावण्या, वळख न्हाय व्हय?" म्हणत केरबानं हसतच पडदा बाजूला केला. मूर्ती चोरायला माणसं येणार असं बसवेशला रात्रभर ऐकू येत होतं. पहिली काठी केरबाच्या हातावर बसली, दुसरी खांद्यावर. हाड मोडलं.

गुन्हा दाखल झाला. आपल्यावर कसला खटला चाललाय हेच पोराला समजत नाही म्हणून कोर्टानं त्याला सरकारी मनोरुग्णालयात पाठवलं. आता दिवाळी उलटून गेली होती आणि डॉक्टर म्हणत होते, सुधारलाय, घरी जाऊ शकतो. अडचण एकच. दानम्मा आठ ते पाच कामावर. तेवढ्या वेळात लक्ष ठेवीन, अशी हमी घेणारा जामीनदार कोर्टाला हवा होता. तो नसेल तर बसवेश तिथंच.

दोन दिवस ती दारोदार फिरली. कुणी चहा दिला, कुणी आतूनच कडी लावली. तिसऱ्या दिवशी ती केरबाच्या दारात गेली.

"माझी सही मागायला आलीस व्हय?" केरबा म्हणाला. त्याचा हात अजून वर जात नव्हता.

"न्हाय मामा. तुमी कोर्टात आडवं येऊ नका, एवढंच."

"शर्ट घालायला सून लागती मला. राग हाय मला त्याचा."

"असू दे की."

केरबा उंबऱ्याशी आला. "पोलिसांनी इचारलं, कुणी मारलं. काठी कुणी दिली ते कुणी इचारलं न्हाय." मग त्यानं पायात चपला घातल्या. "चल."

अमरसिंह दुकानात एका फोनचं पोट उघडून बसला होता. दोघांना एकत्र बघून त्याचा स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"अक्का, मी आधीच सांगितलंय. उद्या त्यानं परत कुणाला फोडलं तर? गल्ली काय म्हणंल?"

"गल्लीला मी सांगतो," केरबा म्हणाला. "फुटलेला मी हाय."

"मामा, तुमी बी?"

"फुकटचा वॉचमन गावला म्हणून टाळ्या पिटल्यास. तवा शाणा हुता त्यो?"

"मला काय म्हाईत त्याचा आजार!"

"म्हाईत हुता," दानम्मा म्हणाली. "तुझ्याच गाडीवरनं नेलतास त्याला दवाखान्यात." ती काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. "मला आख्खा दिवस नको, अमर. रात्री गोळी मी देते, तोंड उघडून बघते. पाचपर्यंत कोण, तेवढं सांग."

"बघतो."

"बघतो नको. व्हय म्हण, न्हाय तर न्हाय म्हण."

गिऱ्हाईक आलं. अमरसिंहनं त्याला काच बसवून दिली, पैसे घेतले, सुट्टे दिले. दोघं हलले नाहीत. शेवटी तो वर न बघता म्हणाला, "शुक्रवारी किती वाजता?"

कोर्टात तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. सही करायची आणि सुटायचं, असं त्याला वाटलं होतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"कोण न्हाय, मॅडम. शेजारी."

"मग रोज लक्ष कसं ठेवणार?"

त्यानं वकिलाकडं बघितलं, मग दानम्माकडं. तिनं नजर काढली नाही.

"दुकानात बसवीन. माझ्यासमोर." तो अडखळला. "आणि झोपंना झाला, की लगेच दवाखान्यात नेईन. थट्टा करणार न्हाय."

ते लिहून घेतलं गेलं आणि बसवेशला घरी सोडायचा हुकूम झाला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दानम्मानं फाटकापाशी जमा केलेला फोन मागून घेतला.

"अमर, हाय न्हवं त्यो?"

"समोरच हाय. सकाळी कामावर जाताना बी इचारलंस की, अक्का."

"दे त्याला."

"अव्वा," बसवेशचा आवाज आला.

जेवलास का, तिनं कन्नडमधून विचारलं.

"जेवलो. हितं लई बोअर हाय. एक बाई मला बघून बाहेरच्या बाहेर परत गेली."

अमरसिंहनं फोन घेतला. "जाऊ दे, अक्का. उधारीवालीच हुती ती." तो हसला. दानम्मालाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. अशी किती गिऱ्हाइकं परत गेली की हा पुन्हा बघतो म्हणायला लागेल, हे तिला विचारायचं होतं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली. फोन आत नेता येत नाही. वॉचमननं हात पुढं केला होता.