वेगळं वाण

शाळेच्या स्टाफरूममध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकेकीला वाण देत होत्या. सगळ्यांना स्टीलची डबी, झाकणावर फूल कोरलेली. माझी पाळी आली. बाईंनी दुसऱ्या पिशवीत हात घातला आणि घामाच्या वासावरचा स्प्रे काढला. मोगऱ्याचा.

"तुम्हाला वेगळं वाण, मॅडम. रोज मारत जा. तुमच्यात ह्याची सवय नसते, म्हणून म्हटलं आपणच द्यावं."

एकीनं पदर नाकाला लावला. मग सगळ्या हसल्या. माझ्या तोंडात तिळगूळ होता. गिळला. "थँक्यू, बाई," म्हणाले. हो, म्हणाले.

शाळा लातूरची. मी मूळची नायगावकडची, बौद्ध. लग्नानंतर मुरुडला राहत होते आणि रोज एसटीनं, बहुतेकदा उभ्यानंच, लातूर गाठत होते. 'तुमच्यात' हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. तो जात विचारत नाही. ज्यांना ती माहीत असते, तेच तो वापरतात.

घाम मला येत होता, हे खरं. का येत होता तेही सांगते, कारण ते कुणी विचारलं नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतला वर्ग दरवर्षी माझ्याकडं. पंखा नाही. मोठ्या बाईंच्या खोलीत कूलर. माझ्या अंगाचा निकाल तिथं बसून लागला.

मी नीटनेटकी बाई. काम हाती घेतलं की तडीस नेते. वासाचंही नेलं. आधी काखेत स्प्रे. मग ब्लेड फिरवल्या फिरवल्या त्याच कातडीवर. वरून लिंबू. मग वाटलं, वास खालूनही येत असेल. जांघेत मारला. त्याच्याही आत मारला. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतलं. साबणानं आतून धुतलं. घाम साडीवर दिसू नये म्हणून नायलॉनची घट्ट निकर घातली.

उन्हाळा लागला आणि आग सुरू झाली. जांघा सोलल्या. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. वर्गात खुर्चीवर टेकता येईना. पोरी म्हणायच्या, "मॅडम, बसा की." मी फळ्याकडं तोंड करून लिहीत राहायचे. मग अंगावरून पांढरं जायला लागलं, आणि आता खरोखरच वास येऊ लागला. मी स्प्रे आणखी मारला.

सुट्टीत माहेरी गेले. आईनं अंगणातच चाल पाहिली.

"फेंगडी का चालून राहिलीस गं?"

सांगितलं. आई जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळ्यायला डबी, न् तुला फवारा? कापसावर मारतेत तसा? तू काय कीड हायेस का?"

मी रडले. ती नाही रडली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन नांदेडला निघाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काय काय लावता, विचारलं. मी एकेक सांगत गेले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला आजार नव्हता. हा तुम्ही तयार केलाय. ती जागा आतून स्वतःची सफाई स्वतः करते. बाहेरून साध्या पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं. सुगंधी काही नाही. आत तर काहीच नाही."

"पण वास, बाई?"

"घामाचा वास माणसाला येतोच. आग झाली, खाज सुटली, पांढरं जाणं वाढलं, वास एकदम बदलला, तर माझ्याकडं यायचं. स्टाफरूमकडं नाही."

औषधानं कातडी भरून आली. आईचा तो 'फवारा' मात्र कानातून गेला नाही.

पुढची संक्रांत. सगळ्यांना चहाची गाळणी. माझ्या वेळी पुन्हा दुसरी पिशवी. चंदनाचा साबण.

"स्प्रेनं फरक पडला हं बराच," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी हात मागं घेतले. "मला गाळणी द्या, बाई."

"अहो, वाण नाकारत नसतात."

"वाण सगळ्यांना सारखं असतंय. हे वाण न्हाई. आन् एक दिवस पत्र्याखाली तास घ्या तुम्ही. मग साबण कुणाला लागतो ते बघू."

स्टाफरूममध्ये माझा गावाकडचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. हेही लक्षात ठेवलंय.

गाळणी मिळाली नाही. पंखा मिळाला नाही. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. मी माझा वर्ग खालच्या व्हरांड्यात आणून बसवला. बाईंनी लेखी खुलासा मागितला, तो दिला. वर्ग तिथंच राहिला.

ती शाळा मागं पडली. आता मी नांदेडला मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. नव्या मुली आल्या की पहिल्याच संध्याकाळी दार लावून बोलते, शब्द न चोरता. सुती चड्डी, रोज धुतलेली, उन्हात वाळवलेली. घामेजली तर बदलायची. खाली साधं पाणी, मग कोरडं करणं. स्प्रे, पावडर, लिंबू, सोडा तिथं नाही. काखेतही ब्लेड फिरवल्यावर लगेच काही नाही. आग झाली तर लपवायचं नाही, मला सांगायचं, मी दवाखान्यात घेऊन जाते. मुली आधी खाली बघतात. मग प्रश्न विचारतात.

परवा भोकरकडच्या एका मुलीच्या गादीवर खोलीतल्या दुसरीनं स्प्रे मारला. अख्खी बाटली. मी पोचले तेव्हा भोकरची मुलगी मुकाट्यानं आपली पेटी भरत होती. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. तिनं स्वतःच ठरवलं होतं की जायचं आपणच असतं.

"मॅडम, ह्यांच्यात ना..." दुसरी सांगायला लागली.

ते वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. भोकरच्या मुलीला म्हणाले, "पेटी पलंगाखाली सरकव." आणि दुसरीला म्हणाले, "तुझी भर. खोली तू बदलायचीस."

संध्याकाळी त्या दुसरीच्या वडिलांचा फोन आला. मोठा माणूस आहे. माझ्या वरच्यांना ओळखतो, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी ऐकून घेतलं. उद्या येतो म्हणाला.

यावं त्यानं. भोकरच्या मुलीची खोली बदलणार नाही.