मावशीचा जावई

तारापूरच्या कारखान्यात माझं बरं चाललं होतं, पण पालघरच्या एका मित्राने डोक्यात भुंगा सोडला. म्हणे, नोकरीवाल्यांच्या साइटवर खातं उघड, जगभरचे साहेब तुझ्या दारात रांग लावतील. मी लग्नातला कोटातला फोटो चढवला, ‘नव्या नोकरीच्या शोधात’ असं ठोकून दिलं आणि साइट जे जे विचारील त्याला ‘हो’ म्हणत गेलो. बोहल्यावरसुद्धा मी इतक्या मुकाट्याने मान डोलावली नव्हती.

त्यातला एक ‘हो’ नडला. साइटने माझ्या फोनमधले झाडून सगळे नंबर उपसले आणि घरोघरी ‘माझ्याशी जोडून घ्या’ असं माझ्या नावाचं आवतण धाडलं. गॅसवाला, केळव्याचा नारळवाला, सासूबाईंचे दातांचे डॉक्टर, कुणी म्हणून सुटलं नाही. जगभरच्या साहेबांपैकी एकही फिरकला नाही. दातांच्या डॉक्टरांनी मात्र माझ्या नेतृत्वगुणांची ग्वाही दिली. आमच्या साहेबांचा नंबर तेवढा वाचला, कारण तो बायकोच्या फोनमध्ये होता. रविवारी त्यांचा फोन आला की मी आंघोळीला गेलोय हे तीच सांगते. साहेबांना कळलं असतं तर संपलंच. दुसरीकडे नोकरी शोधणाऱ्याला ते शोधायला भरपूर वेळ देतात, कायमचा घरी बसवून.

रविवारी बोईसरच्या बाजारात गेलो. आमची मासळीवाली मावशी हाक मारते तेव्हा पुढच्या स्टेशनात, वाणगावच्या फलाटावरची माणसं वळून बघतात.

“ए भाऊ! मेसेज आला तुजा. माज्याशी जोडायचं म्हनतंस? बायकोला इचारलंस का?”

अख्खा बाजार हसला. मी मान खाली घालून बोंबील निवडू लागलो.

“आन् नवीन नोकरी शोधतंय म्हनं...”

“कोण नोकरी शोधतंय?” मागून आवाज आला.

साहेब! हातात पिशवी, नजर सुरमईवर, कान आमच्याकडे. मी पापलेटापेक्षा पांढरा पडलो. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

“माजा जावय,” ती म्हणाली. “लय गुनाचा हाय, साहेब. तुमच्या कंपनीत लावा ना त्याला! पापलेट घरपोच आनून देईन.”

साहेब पळवायचा तर याहून जालीम मंत्र नाही. भाव ठरलेली सुरमई तिथेच टाकून ते गर्दीत दिसेनासे झाले.

“मावशी, जावई करतो काय तुमचा?” मी घाम पुसत विचारलं.

“मला मुलगी कुटं हाय?”

मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कोण उपासाच्या दिवशी चोरून कोळंबी नेतो, सगळं या बाईला ठाऊक. आवाज समुद्राएवढा, पण नको ती गोष्ट कधी टोपलीबाहेर आली नाही. त्या साइटला माझं चार ओळींचं गुपितही पोटात ठेवता आलं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “त्या मावशीच्या जावयाचा बायोडेटा आण. पॅकिंगला माणूस हवाय.” घरपोच पापलेट रात्रभर त्यांच्या डोक्यात पोहत होतं.

संध्याकाळी धावत बाजार गाठला. मावशीने सगळं ऐकून घेतलं, हातातली कोळंबी सोलून टाकली.

“मंग आदी मुलगी शोधाय लागंल,” ती म्हणाली. “बग जरा, तुज्या त्या साइटवर मिलते का.”